दर रीस्टार्टनंतर कॅटॅलिस्ट मंदावतो? आधी वायूंचा इतिहास काढा

तक्रार बहुतेक ठिकाणी सारखीच असते. नवा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) भरला, सुरुवातीचे महिने छान गेले. मग एक ट्रिप झाली, म्हणजे प्लांट अचानक बंद पडला, तो पुन्हा उभा केला, आणि तेवढ्याच रूपांतरणासाठी बेडचे (कॅटॅलिस्टच्या थराचे) इनलेट तापमान, म्हणजे आत शिरणाऱ्या वायूचे तापमान, पाच-सात अंशांनी चढवावे लागले. पुढच्या ट्रिपनंतर आणखी थोडे. असे करता करता वरची मर्यादा गाठली जाते आणि चार्ज, म्हणजे भरलेला कॅटॅलिस्ट, वेळेआधी काढावा लागतो. नवा भरला की काही महिन्यांनी पुन्हा तोच प्रकार. मधल्या काळात नमुना तपासणीला जातो आणि अहवाल येतो की धातूचे प्रमाण बरोबर आहे, गंधक नगण्य आहे, सक्रियता समाधानकारक आहे. पुरवठादार चालवणाऱ्यांकडे बोट दाखवतो, चालवणारे मालाकडे.

या भांडणात जो पुरावा लागतो तो बहुधा कंट्रोल रूममध्येच पडलेला असतो. शेवटच्या ट्रिपच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरचा दीड दिवस बेडवरून कोणता वायू, कोणत्या तापमानाला, किती वेळ गेला, याची सलग नोंद काढून बसा. कॅटॅलिस्ट भरताना ठरतो आणि मग हळूहळू म्हातारा होतो, ही समजूत अपुरी आहे. त्याच्यावरून जाणारा वायू त्याला रोज घडवत असतो. वायू बदलला की तो बदलतो, आणि काही बदल परत फिरत नाहीत. वारंवार येणाऱ्या मंदपणाचे मूळ मला तरी बहुतेक वेळा या न फिरणाऱ्या बदलांत आणि ते घडवणाऱ्या सुरू-बंद करण्याच्या पद्धतीत दिसते.

बेडमध्ये नक्की काय असते

ड्रममधून येतो तो बहुतेक वेळा कॅटॅलिस्टचा कच्चा माल असतो. लो टेम्परेचर शिफ्ट (शिफ्ट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि वाफ यांपासून हायड्रोजन करणारी पायरी) आणि मिथेनॉलचा माल कॉपर ऑक्साइड म्हणून येतो, रिफॉर्मरचा (हायड्रोकार्बन आणि वाफेपासून हायड्रोजनयुक्त वायू करणाऱ्या भट्टीचा) निकेल ऑक्साइड म्हणून, हाय टेम्परेचर शिफ्टचा हेमेटाइट (लोहाचे ऑक्साइड) म्हणून, हायड्रोट्रीटिंगचा (तेलातले गंधक हायड्रोजनने काढण्याच्या प्रक्रियेचा) मोलिब्डेनम ऑक्साइड म्हणून. प्रत्यक्ष काम करतात ते अनुक्रमे तांबे, निकेल, मॅग्नेटाइट (हेमेटाइटपेक्षा कमी ऑक्सिजनचे लोह ऑक्साइड) आणि मोलिब्डेनम सल्फाइड. ही रूपे रिअ‍ॅक्टरमध्येच तयार होतात आणि आजूबाजूचा वायू योग्य आहे तोवरच टिकतात.

बदल फक्त धातू आणि ऑक्साइड यांच्यातला नसतो. २००२ मध्ये डेन्मार्कच्या हाल्डर टॉप्सोमधल्या संशोधकांनी झिंक ऑक्साइडवर बसलेले तांब्याचे नॅनोकण, वायू सोडता येईल अशा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. हायड्रोजनमध्ये पाण्याची वाफ मिसळली तेव्हा कण गोलसर झाले. वाफेऐवजी कार्बन मोनॉक्साइड मिसळला तेव्हा ते आधारावर चपटे पसरले. पाण्याचा थेंब मेणावर गोळा होतो आणि स्वच्छ काचेवर पसरतो, तसाच हा प्रकार. कण धातूरूपच होते, मात्र वायूशी भिडणारा त्यांचा पृष्ठभाग आणि त्या पृष्ठभागावरच्या अणूंची मांडणी बदलली होती. वायू पूर्ववत केला की आकारही फिरत होता. हा प्रयोग अगदी कमी दाबाचा होता, त्यामुळे त्यातले आकडे प्लांटला जसेच्या तसे लावू नयेत. पण दिशा स्पष्ट आहे: सक्रियता ही धातूच्या टक्केवारीवरून कळणारी गोष्ट नाही.

उलट दिशेचे उदाहरण १९७८ मधले आहे. एक्सॉनमध्ये टॉस्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की टायटॅनिया (टायटॅनियम डायऑक्साइड) आधारावरचे प्लॅटिनम सुमारे ५०० अंशांना हायड्रोजनमध्ये तापवले की हायड्रोजन धरून ठेवण्याची त्याची क्षमता जवळजवळ नाहीशी होते. कण मात्र मोठे झालेले नसतात. आधाराचे अंशतः क्षपण झालेले ऑक्साइड धातूवर चढते आणि त्याला झाकते. ऑक्सिजनमध्ये तापवून, मग कमी तापमानाला रिडक्शन (क्षपण, म्हणजे हायड्रोजनने ऑक्सिजन काढणे) केले की क्षमता परत येते. म्हणून ‘हायड्रोजन कमी शोषला, म्हणजे सिंटरिंग झाले’ (उष्णतेने कण जुळून मोठे झाले) असे लिहिलेला अहवाल आला तर कणांचे आकारमान दुसऱ्या पद्धतीने मोजल्याशिवाय तो मान्य करू नका.

पहिला प्रश्न: परत फिरते की नाही

कारण शोधायच्या आधी एकच निदान करून घ्या. वायूची रचना आणि तापमान ठरलेल्या प्रमाणित स्थितीला आणा, तिथे एक-दोन दिवस स्थिर ठेवा आणि सक्रियता परत येते का ते बघा. या काळात इनलेट तापमान चढवायचा मोह आवरायला हवा. उत्पादनाचा दबाव असतो हे खरे, पण तापमान चढवले की निदान बुडते आणि वर कण वाढण्याचा वेगही चढतो.

काही तासांत सुधारणा दिसली तर पृष्ठभागावर काहीतरी शोषले गेले होते आणि ते सुटले. सुधारणा नुसत्या प्रमाणित वायूने होत नाही पण व्यवस्थित पुन्हा रिडक्शन केल्यावर होते, तेव्हा रूप बदलले होते, म्हणजे धातूचे ऑक्साइड किंवा सल्फाइडचे ऑक्साइड झाले होते. दोन्ही करून फरक पडत नाही, तेव्हा रचनाच बदलली आहे: कण वाढले, धातू आधाराशी संयुग करून बसला, छिद्रांत कार्बन वाढला किंवा गोळ्या फुटल्या.

या तिन्हींच्या मधल्या भिंती पक्क्या नाहीत. अमोनिया संश्लेषणाचा लोह कॅटॅलिस्ट घ्या. पाणी, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड ही ऑक्सिजनधारी संयुगे त्याच्यासाठी तात्पुरती विषे मानली जातात, कारण शुद्ध वायू आला की पृष्ठभागावरचा ऑक्सिजन पाणी होऊन निघून जातो. मात्र प्रत्येक वेळी ऑक्सिडीकरण आणि पुन्हा रिडक्शन होताना लोहाचे स्फटिक थोडे वाढतात. तात्पुरती विषबाधा पुन्हा पुन्हा झाली की उरते ते कायमचे नुकसान. ‘दर वेळी थोडेसेच कमी होते’ या तक्रारीमागची यंत्रणा बऱ्याचदा हीच असते, आणि एकेका घटनेकडे सुटे पाहिले की ती दिसत नाही. मेथनेटर (उरलेल्या कार्बन ऑक्साइडांचे मिथेन करून संश्लेषणाचा वायू शुद्ध करणारा आधीचा बेड) जरासा घसरला, संश्लेषण बेड दोन तास मंदावला, मग सावरला. लॉगमध्ये ही घटना ‘नॉर्मल’ म्हणून मिटते.

टक्के बाजूला ठेवा, गुणोत्तरे मांडा

वायूचे विश्लेषण टक्क्यांत येते, पण कॅटॅलिस्टचे रूप ठरवतात ती गुणोत्तरे: वाफ आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड, वाफ आणि हायड्रोजन सल्फाइड. ट्रिपच्या काळातली प्रवाहमापकांची नोंद घेऊन दर मिनिटाला ही गुणोत्तरे मांडली की चित्र एकदम बदलते. हायड्रोजन रीसायकल आधी बंद झाला आणि वाफ वीस मिनिटे तशीच चालू राहिली, तर टक्केवारीच्या तक्त्यात ती एक साधी ओळ असते. गुणोत्तराच्या आलेखात तीच ओळ कागदाबाहेर जाते. गुणोत्तर आणि त्या क्षणाचे बेडचे तापमान एकाच कागदावर घ्या. थंड बेडवरून गेलेली नुसती वाफ आणि ७०० अंशांच्या बेडवरून गेलेली नुसती वाफ यांचे परिणाम अगदी वेगळे आहेत.

आता प्रकाराप्रकाराने बघू. सगळ्यांना सारखी जागा देत नाही, कारण अडचणी सारख्या नसतात.

तांबे: लो टेम्परेचर शिफ्ट आणि मिथेनॉल

तांब्याचा कॅटॅलिस्ट सर्वांत हळवा. तांबे १०८५ अंश सेल्सियसला वितळते, पण स्फटिकाच्या आतले अणू ठळकपणे हलायला केल्विनमधल्या वितळबिंदूच्या साधारण निम्मे तापमान पुरते, आणि पृष्ठभागावरचे अणू त्याच्याही पुष्कळ खाली, साधारण ०.३ पटीच्या आसपास हलू लागतात. तांब्यासाठी हा दुसरा आकडा दीडशे अंशांच्या आतच येतो. म्हणजे कामाच्या नेहमीच्या तापमानाला पृष्ठभाग सतत हलता असतो. झिंक ऑक्साइड आणि अ‍ॅल्युमिना कणांना एकमेकांपासून दूर धरतात म्हणून गाडी चालते.

पहिली शंका प्रारंभिक रिडक्शनवर घ्या. कॉपर ऑक्साइडचे हायड्रोजनने रिडक्शन होताना मोलमागे सुमारे ८५ किलोज्यूल उष्णता सुटते. नायट्रोजनमध्ये १ टक्का हायड्रोजन पूर्ण वापरला गेला तर वायू जवळजवळ २९ अंशांनी तापतो. इनलेट १८० असेल आणि हायड्रोजन ३ टक्क्यांवर गेला, तर बेडचा एखादा थर २६५ च्या पुढे जातो. तेवढ्या वेळात तिथले तांबे कायमचे जाड होते. विश्लेषकाचे वाचन दहा-पंधरा मिनिटे उशिरा येते, तेवढ्यात लाट बेडमधून पुढे सरकलेली असते. म्हणून हायड्रोजनचे प्रमाण बेडच्या तापमानवाढीवरूनही ताडून पाहावे. तापमानवाढीला २९ ने भागले की वापरला गेलेला हायड्रोजन टक्क्यांत कळतो. हा हिशेब आणि विश्लेषक जुळत नसतील तर थांबा.

ऑक्सिजनचे गणित याहून कडक आहे. रिडक्शन झालेल्या तांब्यावर ऑक्सिजन आला तर दर टक्क्याला सैद्धांतिक तापमानवाढ शंभर अंशांच्या वर जाते. शटडाउनमध्ये बेड ‘नायट्रोजनखाली’ ठेवला असे लॉगमध्ये असते. त्या नायट्रोजनमध्ये ऑक्सिजन किती होता, दाब वातावरणाच्या वर होता का, बेड थंड होऊन आत पोकळी झाली तेव्हा कुठल्या फ्लँजमधून हवा ओढली गेली, हे कोणी लिहीत नाही. थंड बेडमध्ये हळूहळू शिरलेली थोडी हवा तापमान फारसे हलवत नाही. ती तांब्याचा वरचा थर ऑक्साइड करून ठेवते. पुढच्या स्टार्टअपला त्या थरावर थेट प्रक्रियेचा वायू येतो, ज्यात हायड्रोजन भरपूर असतो, आणि नियंत्रण नसलेले दुसरे रिडक्शन होऊन जाते. स्टार्टअपच्या पहिल्या तासात बेडच्या वरच्या थर्मोकपलवर (तापमानमापकावर) एक टोकदार उंचवटा येऊन गेलेला दिसला तर बहुधा हेच घडले. जुन्या ट्रेंडमध्ये तो उंचवटा मुद्दाम शोधा.

वाफेबद्दल एक गैरसमज आहे. नुसती वाफ तांब्याचे व्यवहारात ऑक्सिडीकरण करत नाही, म्हणून ती निरुपद्रवी समजली जाते. पण वाफेत कण लवकर वाढतात, आणि ती घनीभूत झाली तर दोन गोष्टी बिघडतात. गोळ्या कमजोर होतात, आणि बेडच्या वरच्या थरात अडकून राहिलेले क्लोराइड धुऊन खाली जाते. क्लोरीन तांब्याचा मोठा वैरी, कारण कॉपर क्लोराइडच्या रूपात तांबे फिरू लागते आणि सिंटरिंगला वेग येतो. वरच्या थराने पकडून ठेवलेले विष एका ओल्या स्टार्टअपने सगळ्या बेडभर पसरते. इनलेट तापमान दवबिंदूच्या वर पंधरा-वीस अंश ठेवण्याचा नियम यासाठीच आहे. तो स्थिर स्थितीत सगळे पाळतात. तापवताना आणि दाब चढवताना, जेव्हा दवबिंदू स्वतःच सरकत असतो, तेव्हा तो मोडतो.

मिथेनॉलमध्ये कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दोन्ही बाजूंनी बघावे लागते. फार कमी झाले तर वेग घसरतो, फार वाढले तर प्रक्रियेत पाणी जास्त तयार होते आणि वर सांगितलेला कणवाढीचा धोका येतो. ट्रिपनंतर फीडची रचना बरेच दिवस वेगळी राहिली असेल तर कॅटॅलिस्टला दोष देण्याआधी ती तपासा.

निकेल: रिफॉर्मर, प्रीरिफॉर्मर, मेथनेटर

निकेल ऑक्साइडच्या रिडक्शनमध्ये उष्णता जवळजवळ सुटत नाही, त्यामुळे तांब्यासारखी भीती इथे नाही. इथे अडचण वाफेची. रिफॉर्मरमध्ये वाफ खूप असते आणि निकेल धातूरूप राहते ते हायड्रोजनच्या जोरावर. बारीक पसरलेल्या निकेलसाठी वाफ आणि हायड्रोजन यांचे गुणोत्तर रिडक्शनच्या वेळी ६ ते ८ च्या आसपास ठेवायची रीत आहे. हायड्रोकार्बन बंद झाला आणि वाफ चालू राहिली की निकेलचे ऑक्सिडीकरण सुरू होते. ते ऑक्साइड उच्च तापमानाला अ‍ॅल्युमिनासोबत राहिले तर निकेल अ‍ॅल्युमिनेट हे स्पिनेल बनते, आणि त्याचे रिडक्शन फार अवघड, फार वरच्या तापमानाला होणारे.

आता ट्यूबचा विचार करा. वरचे टोक ५०० ते ६०० अंशांचे, खालचे ८०० च्या पुढचे. खालच्या भागात पुन्हा रिडक्शन सहज होते, कारण तापमान आहे आणि वरून तयार होऊन आलेला हायड्रोजनही आहे. वरच्या भागात दोन्ही नाहीत. तिथे फीडसोबत येणारा रीसायकल हायड्रोजनच काय तो आधार. म्हणून प्रत्येक ट्रिपनंतर वरचा तिसरा हिस्सा थोडा मागे राहतो. तिथे रिफॉर्मिंग कमी झाले की उष्णता शोषली जात नाही, ट्यूबची भिंत तापते, न फुटलेला हायड्रोकार्बन गरम भागात पोहोचतो आणि कार्बन पडतो. पीपहोलमधून वरच्या भागात लाल पट्टे दिसतात. गंधकाची बाधा झाली तरी पट्टे तिथेच येतात, त्यामुळे दोन्हींत गल्लत होते. वेगळे ओळखायचे तर सुरुवात कधी झाली ते बघा. रीस्टार्टच्या लगेच नंतर सगळ्या ट्यूबमध्ये थोडे थोडे दिसले तर ऑक्सिडीकरणाचा संशय घ्या. चालू प्लांटमध्ये हळूहळू खाली सरकत गेले तर गंधक.

गंधक निकेलवर फार घट्ट बसते आणि तापमान जितके कमी तितके घट्ट. प्रीरिफॉर्मर (रिफॉर्मरच्या आधीचा निकेलचा बेड) साधारण ५०० अंशांवर चालतो, तिथे अब्जांश प्रमाणातले गंधकही पृष्ठभाग व्यापते आणि तापमानाचा आलेख खाली सरकत जातो. रिफॉर्मरच्या तळाशी तेवढ्याच गंधकाचा परिणाम बराच कमी. गंधकबाधित रिफॉर्मर वाफेने धुतला तर गंधक सुटते खरे, पण जाते पुढे. पुढे तांब्याचा बेड असेल आणि तो बायपास केलेला नसेल, तर रिफॉर्मर सुधारतो आणि लो टेम्परेचर शिफ्ट बसतो. ‘रिफॉर्मरच्या स्टीमिंगनंतर शिफ्टची स्लिप वाढली’ (स्लिप म्हणजे न बदलता निसटलेला कार्बन मोनॉक्साइड) अशी जोडी लॉगमध्ये सापडली तर कारण शोधायला फार लांब जाऊ नका.

मेथनेटरबाबत एक सुरक्षेची गोष्ट सगळ्याच्या वर. कार्बन मोनॉक्साइड असलेला वायू २०० अंशांच्या खाली निकेलवर राहिला तर निकेल कार्बोनिल तयार होऊ शकते. ते ४३ अंशांना उकळणारे अत्यंत विषारी द्रव्य आहे, आणि त्यात कॅटॅलिस्टचे निकेलही वाहून जाते. थंड करताना, २०० च्या वर असतानाच बेडमधला कार्बन मोनॉक्साइड पूर्ण काढा. तापवतानाही तेच. ‘स्टार्टअप लवकर व्हावा’ म्हणून या पायरीवर वेळ वाचवणारी पद्धत लिहिलेली आढळली तर ती त्याच दिवशी बदलून घ्या.

लोह: हाय टेम्परेचर शिफ्ट

इथे हवे असते मधले रूप. हेमेटाइटचे मॅग्नेटाइट व्हायला हवे, पण त्यापुढे जायला नको. वाफ कमी पडली आणि कार्बन मोनॉक्साइड-हायड्रोजन जास्त झाले की मॅग्नेटाइटचे धातूरूप लोह किंवा लोह कार्बाइड होऊ लागते. हे फिशर-ट्रॉप्श प्रक्रियेचे (कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनपासून हायड्रोकार्बन करणाऱ्या) कॅटॅलिस्ट आहेत, म्हणून पहिले लक्षण रूपांतरणात न दिसता उपउत्पादनांत दिसते: मिथेनचे प्रमाण वाढते, हायड्रोकार्बन आणि ऑक्सिजनयुक्त सेंद्रिय संयुगे पुढच्या कंडेन्सेटमध्ये येतात. त्यानंतर गोळ्यांच्या छिद्रांत कार्बन वाढतो, गोळ्या फुटतात, प्रेशर ड्रॉप (बेडमधून जाताना घटणारा दाब) चढतो. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा बरा दिसतो म्हणून कोणी लक्ष देत नाही आणि प्रेशर ड्रॉप चढला की ‘लोडिंग नीट झाले नव्हते’ असा निष्कर्ष निघतो. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनची बेरीज, भागिले कार्बन डायऑक्साइड आणि वाफेची बेरीज, हा आकडा कमी लोडवर आणि ट्रिपच्या काळात काढा. पुरवठादाराने दिलेल्या मर्यादेशी तो ताडून बघा. पूर्ण लोडवर तो बहुधा ठीकच निघतो. लोड कमी करताना वाफ आधी खाली आणायची सवय असेल तर तिथे सापडेल.

नमुना हाताळताना या कॅटॅलिस्टमध्ये सहा-संयुजी क्रोमियम असू शकते हे लक्षात ठेवून मास्क-हातमोजे वापरा.

सल्फाइड आणि इतर

हायड्रोट्रीटिंगमध्ये नियम उलटा वाटतो, कारण इथे गंधक हवेच. ऑक्साइड रूपातला माल गंधकाशिवाय गरम हायड्रोजनमध्ये तापला तर मोलिब्डेनमचे रिडक्शन होऊन असे रूप येते जे नंतर नीट सल्फाइड होत नाही. म्हणून सल्फायडिंग करताना बेडच्या बाहेर हायड्रोजन सल्फाइड दिसू लागेपर्यंत तापमान साधारण २३० अंशांच्या पुढे नेत नाहीत. चालू बेडलाही हे लागू आहे: शटडाउनमध्ये गरम बेडवर तासन्‌तास शुद्ध हायड्रोजन फिरवत ठेवला तर सल्फाइडमधले गंधक निघू लागते. सावर शिफ्टच्या (गंधकयुक्त वायूवर चालणाऱ्या शिफ्टच्या) कोबाल्ट-मोलिब्डेनममध्ये यात वाफेची भर पडते, कारण मोलिब्डेनम सल्फाइड आणि वाफ मिळून ऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड देतात. फीडमधले गंधक एकदम कमी झाल्यावर सक्रियता घसरली, हे ऐकायला विचित्र वाटते पण इथे अगदी अपेक्षित आहे.

गंधकाम्लाच्या व्हॅनेडियम कॅटॅलिस्टमध्ये काम करणारा भाग हा आधाराच्या छिद्रांतला वितळलेला क्षार असतो. तापमान ४२० च्या खाली घसरले आणि सल्फर डायऑक्साइड भरपूर असला की व्हॅनेडियम चार-संयुजी होऊन स्फटिकरूपात बाहेर पडते आणि बेड अचानक झोपतो. गरम हवेने वर आणला की बहुतेक वेळा उठतो. बंद करताना गरम हवेने सल्फर ट्रायऑक्साइड पुरता काढला नाही तर मात्र ओल लागून गोळ्या भुसभुशीत होतात, आणि ते उठत नाही.

नमुना काढला, तिथेच पुरावा हरवला

रिडक्शन झालेले तांबे, निकेल, लोह हवेत आले की पेटू शकतात. म्हणून नमुना एक तर नायट्रोजनखाली बंद करतात किंवा आधी अगदी थोड्या ऑक्सिजनने हळूहळू वरचा थर ऑक्साइड करून शांत करतात. दुसऱ्या पद्धतीत नमुना सुरक्षित होतो, पण रिअ‍ॅक्टरमधले रूप गेलेले असते. ऑक्सिडीकरणाची अवस्था, पृष्ठभागावर शोषलेली द्रव्ये, कणांचा घाट (गोलसर की चपटा), हे हवेत टिकत नाही. गंधक, क्लोरीन, सिलिका, कार्बन, स्पिनेल, गोळीची ताकद, हे टिकते. अहवाल वाचताना या दोन यादी शेजारी ठेवा. ‘काही आढळले नाही’ याचा अर्थ दुसऱ्या यादीतले आढळले नाही, एवढाच.

याहून मोठा सापळा सक्रियता चाचणीत आहे. नमुना प्रयोगशाळेत पोहोचला की चाचणीआधी त्याचे शुद्ध हायड्रोजनमध्ये रिडक्शन केले जाते. ही प्रमाणित पद्धत आहे आणि तिच्यात गैर काही नाही. पण तुमच्या बेडमधला दोष ‘अर्धवट ऑक्साइड झालेला थर’ असेल, तर त्या रिडक्शनने तोच दोष दुरुस्त होतो आणि चाचणी उत्तम येते. तक्रार खरी आणि अहवालही खरा, अशी कोंडी इथून निर्माण होते. नमुना पाठवताना स्पष्ट लिहा: एक चाचणी नेहमीसारखी, आणि एक नायट्रोजनखाली नेलेल्या नमुन्यावर, जास्तीचे रिडक्शन न करता, प्लांटइतकी वाफ असलेल्या वायूत. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचे निदान. फरक मोठा असेल तर दोष परत फिरवता येणारा आहे आणि चार्ज काढायची घाई नको. दोन्ही सारख्याच कमी आल्या तर रचना गेली.

नमुना बेडच्या वरून, मधून आणि खालून वेगवेगळा घ्या. मिसळलेला नमुना कशाचेच उत्तर देत नाही.

थर्मोकपल काय सांगतात

नमुना काढायची संधी वर्षात एखादीच, पण तापमानाचा आलेख रोज समोर असतो. उष्णता सुटणाऱ्या बेडमध्ये चढाचा उतार तसाच राहून सगळा आलेख खाली सरकला तर वरून विष येते आहे. उतार सगळीकडे मंद झाला तर बेडभर कण वाढले आहेत. ट्रिपनंतर एकदम सरकला आणि एक-दोन दिवसांत काहीसा परतला तर रूप बदलले होते. पुरता परतला नाही तो हिस्सा म्हणजे त्या ट्रिपची किंमत. एकाच उंचीवरचे थर्मोकपल एकमेकांशी जुळत नसतील तर वायू वाट काढून जातो आहे, आणि मग वरचे सगळे निष्कर्ष थांबवा.

आउटलेटवरचा कार्बन मोनॉक्साइड समतोलाने बांधलेला आहे की कॅटॅलिस्टने, हेही आधी काढा. शिफ्टमध्ये तापमान चढवले की समतोल प्रतिकूल होतो. बेड समतोलाला पोहोचत असताना इनलेट चढवले तर स्लिप वाढते, ती पाहून ‘अजून मंदावला’ समजून आणखी चढवले जाते, आणि चांगला बेड या फेऱ्यात खराब होतो.

पुढच्या ट्रिपआधी करायचे काम

ट्रिप झाली की कोणती झडप कोणत्या क्रमाने बंद होते ते इंटरलॉकच्या (प्लांट आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणेच्या) तक्त्यातून काढा आणि प्रत्येक बेडसाठी विचारा: या क्रमात बेडवर शेवटी कोणता वायू उरतो, किती तापमानाला? रिफॉर्मरवर हायड्रोजनविना वाफ उरते का? तांब्यावर वाफ घनीभूत होते का? मेथनेटरमध्ये कार्बन मोनॉक्साइड अडकतो का? सल्फाइडवर गंधकाविना हायड्रोजन फिरतो का? पुष्कळदा दोष माणसाच्या हातात नसतो, तो तक्त्यातच लिहिलेला असतो, म्हणून तर तो दर वेळी तसाच घडतो.

नायट्रोजनचा ऑक्सिजन विश्लेषक बेडच्या जवळ बसवा, हेडरवर (मुख्य नळीवर) नको. बंद बेडचा दाब ट्रेंडवर घ्या आणि वातावरणाच्या वर ठेवा. ट्रिपच्या काळात डेटा हिस्टॉरियनची (मापनांच्या नोंदी साठवणाऱ्या संगणक प्रणालीची) नोंद मिनिटाची ठेवा. बऱ्याच ठिकाणी ती तासाच्या सरासरीत दाबली जाते आणि नेमका हवा तो काळ पुसला जातो. स्टार्टअपनंतर प्रमाणित लोड, प्रमाणित वाफ आणि प्रमाणित इनलेटला आलेख घ्या, आठवड्याने पुन्हा त्याच स्थितीला घ्या, आणि दोन्ही त्या ट्रिपच्या गुणोत्तरांच्या कागदाला जोडून ठेवा. पुढच्या वेळी पुरवठादाराशी बोलायला बसाल तेव्हा हाच कागद टेबलावर ठेवा.